ऑक्टाव्हिया आरएसचे रिम आणि टायर बदलताना : बडोद्याचा अनुभव

ऑगस्ट २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात गाडी ९० च्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरायला लागलं. गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५, २०२० मधली. टायर गाडीबरोबर आलेलेच, २२५/४० आर१८ ९२वाय. म्हणजे रुंदी २२५ मिलीमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १८ इंची; शेवटी भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर. बॅलन्सिंग केल्यावर थरथर कमी झाली, पण गेली नाही. मग अलाइनमेंटवाल्याने चाकं एकेक करून मशीनवर फिरवली. पुढच्या डाव्या रिमची आतली कड एका जागी चांगली तीन-चार मिलीमीटर हलत होती.

बाहेरून रिम नवाकोरा दिसत होता. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या कडेला बसतो, कारण तिकडे स्पोकचा आधार नसतो. ४० प्रोफाइलच्या टायरची साइडवॉल ९० मिलीमीटरची. ती दबून संपली की धक्का थेट धातूला. थरथर असेल तर टायर उतरवून रिम आतून बघितल्याशिवाय पुन्हा पुन्हा बॅलन्सिंगचे पैसे देऊ नका.

टायर उतरवला. वाकलेल्या जागी केसाएवढी रेघ होती. ओरखडा की तडा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत डाय पेनिट्रंट तपासणी करून देणारे आहेत. ६०० रुपये घेतले. आधी जागा क्लीनरने पुसली, त्यावर लाल द्रव फवारला, दहाएक मिनिटं तसाच ठेवला, मग फडक्याने पूर्ण पुसून काढला आणि वर पांढऱ्या पावडरीचा हात दिला. पांढऱ्यावर मिनिटभरात लाल रेघ उमटली, कडेपासून आत साधारण ३५ मिलीमीटर. ओरखडा असता तर रंग पुसताना निघून गेला असता. तड्यात शिरलेला रंग बाहेर झिरपतो, म्हणून रेघ उठते.

शेजारच्या वर्कशॉपमधल्या माणसाने लगेच तोडगा काढला, "आर्गॉन वेल्डिंग करी आपुं, साहेब, दोन हजारमां." मी नको म्हटलं. कास्ट अलॉय रिमला भट्टीत तापवून ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या दोन्ही बाजूंचा धातू पुन्हा मऊ पडतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. बाहेरच्या कडेवरचा किरकोळ टवका भरून घ्यायला हरकत नाही. पण टायरचा बीड, म्हणजे रिमला धरणारी कड, बसते त्या भागात किंवा स्पोकवर वेल्डिंग म्हणजे १०० च्या वेगात हवा एकदम जाण्याची तयारी.

टायरचीही तशी वेळ भरली होती. साइडवॉलवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे ३८१९ होते, म्हणजे २०१९ चा ३८ वा आठवडा. ट्रेड, म्हणजे टायरवरची नक्षी, चारेक मिलीमीटर शिल्लक होता आणि झीज दाखवणारी १.६ मिलीमीटरची पट्टी अजून दूर होती. पण खोबणीच्या तळाशी बारीक भेगा होत्या. बडोद्याच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर झिजण्याआधी वाळतं.

कंपनीच्या एका रिमचा भाव पन्नास हजारांच्या वर सांगितला गेला आणि माल कधी येईल ते नक्की नाही. गाडी बाहेरून पूर्ण बांधून आलेली, देशात २०० च विकलेली, त्यामुळे सुट्या भागांची वाट बघणं नवीन नाही. त्यात थोडी भर घालून चारही रिम बदलता येत असतील तर त्याच खड्ड्यांसाठी पुन्हा १८ इंची का घ्यायचे, असा विचार तिथून सुरू झाला.

याच पिढीच्या ऑक्टाव्हियाला २२५/४५ आर१७ हा कंपनीचाच आकार आहे. हिशोब सोपा आहे. १८ इंच म्हणजे ४५७.२ मिलीमीटर, त्यात ९० ची साइडवॉल दोनदा, एकूण व्यास ६३७.२. १७ इंच म्हणजे ४३१.८, त्यात १०१.२५ दोनदा, एकूण ६३४.३. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणजे स्पीडोमीटर आणि एबीएसला तो जाणवतही नाही. साइडवॉल मात्र ११ मिलीमीटरने वाढते. वळणात स्टिअरिंगचा नेमकेपणा थोडा जातो, हे कबूल. पण पावसाळ्यानंतरचा आपला कोणताही रिंग रोड आठवा आणि ठरवा. काही जण २२५/५० आर१७ सुचवतात. त्याचा व्यास ६५६.८ होतो, तीन टक्क्यांनी जास्त. त्याने स्पीडोमीटर खरा वेग आहे त्याहून कमी दाखवायला लागतो आणि पूर्ण वळवल्यावर चाकाभोवतीच्या प्लॅस्टिक लायनरला घासण्याचा धोका असतो. सोडून द्या.

रिम निवडताना दिसणं शेवटी आलं पाहिजे, आणि इंटरनेटवर सगळं नेमकं उलट चालतं. आधी जुन्या रिमच्या आतल्या बाजूचे आकडे वाचा. माझ्या रिमवर ७.५जे बाय १८ (रुंदी साडेसात इंच, व्यास १८) आणि ईटी५१ होतं. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या गाडीच्या भागाला) टेकणारा भाग किती बाहेर आहे त्याचं माप, मिलीमीटरमध्ये. आकडा कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. दुकानात मिळणारे देखणे सेट बहुतेक ८जे ईटी३५ असे असतात. अर्धा इंच जास्त रुंदीमुळे कड ६.३५ मिलीमीटर बाहेर, ईटीमुळे आणखी १६, म्हणजे चाक २२ मिलीमीटर बाहेर. फेंडरला टायर लागतो, चिखल दारांवर उडतो, व्हील बेअरिंगवर ताण येतो. मी ७.५जे बाय १७ ईटी४५ घेतले, म्हणजे सहाच मिलीमीटर बाहेर. २२५/४५ आर१७ साठी ७ ते ८.५ इंच रुंदीचा रिम चालतो, त्यामुळे ७.५ मध्ये टायर नीट बसतो.

इंचाने लहान रिम घेताना खरी अडचण ब्रेकची. आरएसचे पुढचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला पकडणारे भाग, मोठे आहेत आणि सगळे १७ इंची रिम त्यावरून जात नाहीत. विक्रेता "बधामां आवी जाय" (सगळ्यात बसतो) म्हणत असला तरी एक रिम टायरशिवाय गाडीला लावून बघायला मागा. छाणी जकात नाक्याजवळच्या दुकानदाराने अनामत घेऊन एक रिम दिला. कॅलिपरच्या सगळ्यात फुगीर जागी आणि वरच्या कोपऱ्यावर मुलांच्या खेळण्यातली क्ले चिकटवायची, रिम लावून पाचही बोल्ट हाताने आवळायचे, एक पूर्ण फेरा फिरवायचा आणि उतरवून दबलेल्या क्लेची जाडी मोजायची. तीन मिलीमीटरपेक्षा कमी भरली तर तो रिम नको, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो आणि मध्ये एखादा खडा अडकला तरी रिम आतून कोरला जातो. पहिला निवडलेला डिझाइन इथेच बाद झाला, स्पोक आत वळलेले होते. दुसऱ्यात पाच मिलीमीटर मिळाले.

बोल्टचं वर्तुळ ५×११२, म्हणजे ११२ मिलीमीटर व्यासावर पाच बोल्ट, आणि हबचा व्यास ५७.१. कंपनीबाहेरच्या रिमचं मधलं भोक मोठं असतं, या रिमचं ६६.६ होतं. मधली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक मधोमध न बसता फक्त बोल्टच्या आधाराने बसतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी थरथर राहते. रिंग अॅल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ होते.

बोल्टकडे कुणी लक्ष देत नाही, आणि धोका तिथेच सगळ्यात मोठा. कंपनीचे बोल्ट एम१४×१.५ (१४ मिलीमीटर व्यास, दर फेऱ्याला दीड मिलीमीटर आटा), डोक्याखालची बैठक गोलाकार. कंपनीबाहेरच्या रिमची बैठक बहुधा ६० अंशाची शंकूसारखी. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या खाचेत आवळला तर एका पातळ वर्तुळावरच टेकतो. टॉर्क भरल्यासारखा वाटतो आणि शेकडाभर किलोमीटरमध्ये बोल्ट सैल होतो. त्यामुळे वीस नवे शंकूचे बोल्ट घ्यावे लागले. लांबी अशी हवी की हबमध्ये किमान बोल्टच्या व्यासाइतका, म्हणजे १४ मिलीमीटर आटा शिरेल. किमान साडेनऊ फेरे मोजा. स्टेपनी मात्र जुन्याच बैठकीची आहे, तिला नवे बोल्ट चालत नाहीत. कंपनीचे पाच बोल्ट स्टेपनीच्या खळग्यात पिशवीत घालून ठेवा आणि लॉक बोल्टची चावीही तिथेच.

भारक्षमता रिमच्या मागे कोरलेली असते. दाराच्या खांबावरच्या प्लेटवर पुढच्या आसाचा कमाल भार असतो, त्याचे निम्मे करा. रिमवरचा आकडा त्याहून जास्त हवा. या रिमवर ६९० किलो होतं, भरपूर. आयएस १६१९२ ची खूण नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

आता टायर. पहिल्या दुकानात ऑल सीझन विचारलं तर उत्तर आलं, "साहेब, आपणे त्यां बधा ज ऑल सीझन." (आपल्याकडे सगळेच ऑल सीझन.) यात तथ्य आहे. युरोपात ऑल सीझन म्हणजे बर्फातही चालणारा, साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाचा कण अशी खूण असलेला टायर. त्याचं रबर ७ अंशांच्या खालीही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. बडोद्यात जानेवारीच्या पहाटेही पारा सहसा त्याच्या वर असतो आणि मे महिन्यात ४३ च्या आसपास. त्या उन्हात हे मऊ रबर लवकर झिजतं, कोरड्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर वाढतं आणि जोरात वळण घेतलं की ट्रेडचे ठोकळे वाकतात. नुसतं एम+एस लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असतो, बर्फातली चाचणी त्यामागे असेलच असं नाही. मनालीला बर्फात जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडचे ऋतू दोनच, भाजणारं ऊन आणि तुंबणारं पाणी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते बडोदेकरांना सांगायला नको. म्हणून निवडीच्या कसोट्या उष्णता आणि ओल्या रस्त्यावरची पकड. साइडवॉलवर ट्रॅक्शन आणि टेंपरेचर असे दोन दर्जे छापलेले असतात. टेंपरेचर ए हवा, ट्रॅक्शन एए मिळाला तर उत्तम. ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा आकडा वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये एकमेकांशी ताडून बघू नका, तो प्रत्येक कंपनी स्वतःच्या चाचणीवरून ठरवते. वेगाचं अक्षर डब्ल्यू (२७०) किंवा वाय (३००), कारण गाडीचा कमाल वेग २५० ला मर्यादित आहे. व्ही (२४०) स्वस्त मिळतो, पण ऐनवेळी विमा कंपनीला बोट ठेवायला जागा देतो. भाराचा आकडा मूळ ९२ होता, म्हणजे ६३० किलो. १७ इंचीत साधा टायर ९१ (६१५) चा येतो आणि एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणारा, ९४ (६७०) चा. मूळपेक्षा खाली जायचं नाही, म्हणून एक्सएल.

शेवटी मिशलिन पायलट स्पोर्ट ४, २२५/४५ झेडआर१७ ९४वाय ठरला. बर्फाची खूण नसलेला, युरोपच्या भाषेत उन्हाळी टायर. शांत, जास्त टिकणारा टूरिंग टायर घेता आला असता आणि रोज ऑफिसला जाणाऱ्याला मी तोच सुचवीन. पण ३७० न्यूटन-मीटरचा टॉर्क पुढच्या दोनच चाकांवर येतो तेव्हा ओल्या सिग्नलवर फरक कळतो.

भाव विचारून झाले तोवर सप्टेंबर उजाडला होता. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेचा निर्णय आला, टायर आणि गाडीचे सुटे भाग २८ वरून १८ टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून. १६,००० चा टायर १४,७५० ला. २८ टक्क्यांतला मूळ भाव काढायला १.२८ ने भागायचं, १२,५०० येतात, त्यावर १८ टक्के. ७६,८०० चा रिमचा सेट याच हिशोबाने ७०,८०० ला. थांबायचं ठरवलं, गाडी घरी उभी आणि मी रिक्षात. एका दुकानदाराने २२ नंतरही जुनाच भाव सांगून "कंपनीने भाव वाढवला" म्हटलं. मी फक्त मूळ किंमत आणि कर वेगवेगळे लिहून मागितले.

या मधल्या काळात विम्याचं काम उरकून घेतलं. पैसे देण्याआधी विमा कंपनीला ईमेल टाकला : चाकाचा आकार १८ वरून १७ होतोय, व्यासात ०.५ टक्क्याच्या आतला फरक, भार आणि वेगाचे दर्जे पुरेसे, पॉलिसीत नोंद हवी. उत्तराला आठवडा लागला. बिलाची प्रत, चारही चाकांचे फोटो आणि रिमवरच्या आकड्यांचे फोटो मागितले. रिम 'नॉन-इलेक्ट्रिकल अॅक्सेसरीज' मध्ये येतात, त्यांची किंमत गाडीच्या विमा रकमेत वाढते आणि उरलेल्या काळाचा जादा हप्ता भरावा लागतो. मला ९४० रुपये पडले. हे लेखी नसेल तर अपघातात रिमचे पैसे मिळत नाहीत आणि कधी कधी संपूर्ण दाव्यावरच प्रश्न येतो.

२४ सप्टेंबरला ऑर्डर दिली. नवरात्रात बडोद्यात काम करून घ्यायचं म्हणजे दुपारी चारच्या आत, नंतर सगळे गरब्याला. रिम दसऱ्यानंतर आले, टायर ४ ऑक्टोबरला. दोन टायरांवर २२२५ होतं आणि दोनवर ४०२३. दोन वर्षं गोदामात पडलेला माल. दुकानदार म्हणाला, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरतात. ते खरं असलं तरी रबर बिलाची तारीख बघून म्हातारं होत नाही. ते दोन परत केले आणि ताजे मिळेपर्यंत उरलेले दोनही बसवले नाहीत. जवळ लिमड्याला अपोलोचा आणि हालोलला सिएटचा कारखाना आहे, पण त्याने दुकानातला माल ताजा होत नाही. डीओटी कोड ऑर्डर देतानाच लिहून घ्या, "सहा महिन्यांच्या आतला, नाहीतर परत." बिलावर चारही टायरचे कोड टाकून घ्या. हे थोडं भांडण करून मिळतं.

१२ ऑक्टोबरला बसवले. टायर बदलायचं मशीन लोखंडी पट्टीने रिम ओरबाडणारं नको, प्लॅस्टिकचं आवरण आणि हात असलेलं हवं. हे उभं राहून बघा. टायरवर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी, टायर तिथे सर्वांत हलका असतो. एका चाकाला मशीनने ८५ ग्रॅम वजन मागितलं. कारागीर शिसं चिकटवायला निघाला तेव्हा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवायला सांगितलं, ३० ग्रॅमवर आलं. वजनं आतल्या बाजूला चिकटवणारी घ्या, ठोकणारी रिमचा रंग उडवतात.

हबवरचा गंज ब्रशने घासल्यावरच चाक लावायचं. नाहीतर थोडा गंजही चाक तिरकं बसवतो. बोल्ट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटर. कारागिराच्या हवेच्या बंदुकीने १२० चा अंदाज येत नाही, ती कधी दुप्पट आवळते. दुकानात टॉर्क रेंच नसेल तर घरून घेऊन जा, कुणी नाराज होत नाही. अलाइनमेंटचा आधी-नंतरचा छापील कागद मागून घ्या. मागच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, या गाडीत जुळवता येतो, "मागचं फिक्स असतं" हे ऐकून सोडू नका.

या गाडीच्या चाकात हवेचा सेन्सर नाही. चाक फिरण्याच्या वेगावरून एबीएस हवा कमी झालेली ओळखतं. त्यामुळे थंड टायरमध्ये हवा भरून स्क्रीनवर टायरच्या मेनूत जाऊन 'सेट' दाबल्याशिवाय नवा आकार त्याला कळत नाही. हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे. दहा अंशांनी तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणून दुपारी पंपावर मोजून हवा काढू नका. सकाळी मोजा. पहिले दोनेकशे किलोमीटर हळू चालवा, साच्यातून काढताना लागलेला तेलकट थर तेवढ्यात निघतो आणि मग पकड येते. १०० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा १२० ला तपासले. एक थोडा फिरला, बाकीचे जागच्या जागी.

थरथर गेली. एनई-१ वर (अहमदाबाद-बडोदा एक्सप्रेसवेवर) १०० च्या मर्यादेत स्टिअरिंग स्थिर आहे. वळणावर पहिला प्रतिसाद पूर्वीपेक्षा किंचित उशिरा येतो, खड्ड्याचा आवाज मात्र बऱ्यापैकी बोथट झाला. रिम हलके आहेत. सामान तोलायच्या काट्यावर जुना बारा किलोच्या आसपास भरला, नवा नऊच्या वर थोडा.

खर्च असा आला : टायर ५९,०००, रिम ७०,८००, हब रिंग १,६००, वीस बोल्ट ३,०००, बसवणं आणि बॅलन्सिंग २,०००, अलाइनमेंट १,५००, तडा तपासणी ६००, विमा ९४०. एकूण १,३९,४४०.

जुने तीन रिम चांगले आहेत, ते विकता येतील. तडकलेला भंगारात दिला, पण देण्याआधी ग्राइंडरने बीडच्या जागेवर आडवा काप मारून घेतला, नाहीतर तोच रिम वेल्डिंग होऊन कुणाच्या तरी गाडीला लागला असता. वजनाने त्याचे हजार-दीड हजार मिळतात, भंगारवाला आधी सातशे म्हणतो.